काळी पाच आणि पाचगणी

पुण्याच्या कॅम्पातलं ‘बाउंटी सिझलर्स’ ज्यांना माहीत आहे, त्यांना तिथली चरचरणारी ताटली आठवेल, कोबीच्या पानांतून उठणारा धूर आठवेल. ते चालवणारे फरांग इराणी शाळकरी वयात काय वाजवायचे, हे मात्र थोड्याच गिऱ्हाइकांना ठाऊक असेल. चहाच्या लाकडी खोक्याला एक काठी लावायची, काठीच्या टोकापासून खोक्यापर्यंत दोरी ताणायची आणि काठी मागेपुढे ओढत ती दोरी छेडायची. खोल ‘धुम्म’ आवाज निघतो. आपल्या तुणतुण्याचा हा थोरला, जाडा भाऊ. पन्नासच्या दशकात इंग्लंडातल्या खिसा रिकामा असलेल्या पोरांच्या बँडमध्ये हे वाद्य असायचं, आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या पाच मुलांच्या बँडमध्येही होतं. बँडचं नाव ‘द हेक्टिक्स’. खोकं इराणींकडे, ड्रम व्हिक्टरी राणाकडे, गिटार डेरिक ब्रांचकडे, गाणं ब्रूस मरेकडे. आणि पियानोवर, वरचे दात पुढे आलेला, त्यापायी ‘बकी’ म्हणून चिडवला जाणारा एक पारशी मुलगा.

फारुख बलसारा. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

रॉकच्या इतिहासातल्या सर्वांत नावाजलेल्या गळ्यांपैकी एक गळा या मुलाकडे होता, आणि तरी आपल्या पहिल्या बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हता. मागून सूर भरायचा, पण त्याचं खरं काम पियानोचं. मिशी, पिवळं जाकीट, हातातला माइकचा अर्धा दांडा, आकाशाकडे उगारलेली मूठ या सगळ्याची इतकी चित्रं भिंतींवर लागली की पियानोच्या स्टुलावर बसलेला फ्रेडी त्यांच्यामागे झाकला गेला. वास्तविक त्याची गाणी त्याच स्टुलावर जन्मली. आणि त्या स्टुलावर बसायची शिस्त त्याला लागली ती पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, वाईचा पसरणी घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या एका गावात.

बलसारा हे आडनाव गावावरून आलेलं. वलसाडचं जुनं नाव बलसार. (याच आडनावाचे आणखी एक पारशी वादक म्हणजे व्ही. बलसारा, मुंबईत वाढले, पन्नासच्या दशकात कलकत्त्याला गेले आणि पियानोसकट कितीतरी वाद्यांवर बंगाली संगीतात नाव कमावून गेले.) फारुखचे वडील बोमी हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर ब्रिटिशांच्या सरकारी नोकरीत रोखपाल होते. आई जेर. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये फारुखचा जन्म झाला. धाकटी बहीण कश्मिरा सहा वर्षांनी. घर खाऊनपिऊन सुखी, नोकरचाकर असलेलं. पण मुलाला चांगली इंग्रजी शाळा हवी, तर बेटाबाहेर पाठवणं भाग होतं. आठव्या वर्षी फारुख बोटीने मुंबईला आला आणि तिथून पाचगणीला.

मुंबईहून पाचगणीची वाट तेव्हाही पुण्यावरूनच जायची. पुणं, शिरवळ, वाई, मग घाट. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. एकाच घाटाच्या पायथ्याला ‘महाराष्ट्राची लोकधारा’ उभी करणारा माणूस जन्मावा आणि माथ्यावर ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक घडावा, या योगायोगाला काही अर्थ चिकटवायची गरज नाही. गंमत म्हणून नोंदवायला हरकत नाही, इतकंच.

पाचगणी वसवली जॉन चेसन या इंग्रजाने, १८६० च्या दशकात. सुमारे ४,२०० फूट उंची, थंड कोरडी हवा, सिल्व्हर ओकची उंच झाडं. महाबळेश्वरात पावसाळा काढणं अशक्य, म्हणून साहेबाने बारमाही राहण्यासाठी ही जागा निवडली. हवा चांगली म्हणून मागाहून शाळा आल्या, आणि साहेब गेल्यावरही शाळा राहिल्या. पारशी कुटुंबांचा इथला राबता जुना. ‘पारसी पॉइंट’ हे नाव त्याचीच खूण. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनीही सेंट पीटर्सचा कारभार पूर्वीच्याच इंग्रजी वळणाचा होता: वसतिगृह, प्रार्थना, क्रिकेट, मुष्टियुद्ध, समूहगान, नाटक. फारुखला क्रिकेट आवडत नसे. टेबल टेनिसमध्ये मात्र दहाव्या वर्षी तो शाळेचा विजेता झाला. ‘फ्रेडी’ हे नावही शाळासोबत्यांनीच दिलेलं. ते पुढे घरच्यांनीही उचललं.

सुट्टीत दर खेपेला झांझिबार गाठणं शक्य नसे. मग तो मुंबईला आजी आणि शेरू मावशीकडे जाई. हा मुलगा ऐकलेली धून लगेच वाजवतो, हे पहिल्यांदा ओळखलं ते मावशीने. शाळेच्या मुख्याध्यापकांनीही पालकांना पत्र पाठवून कळवलं की फीमध्ये थोडी भर घातलीत तर मुलाला पियानोची रीतसर शिकवणी देता येईल. पालकांनी ‘हो’ म्हटलं. पत्र एवढंसं, पण चरित्रकारांना ते वगळता आलेलं नाही. फारुख पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत पोहोचला, प्रात्यक्षिक आणि शास्त्र दोन्हींत. ग्रेड एकूण आठ. ढोबळमानाने आपल्या गांधर्वच्या परीक्षांतल्या ‘मध्यमा’पर्यंत शिकलेला मुलगा म्हणा. विशारद नव्हे. पुण्यात आजही मुलं पियानोच्या या परीक्षा देतात.

मराठी घरात ‘सूर लावणारं वाद्य’ म्हटलं की डोळ्यांपुढे पेटी येते, आणि पेटीच्या सवयीने पियानो समजून घ्यायला गेलं की गफलत होते. पेटीवर एक हात भात्याला बांधलेला. सूर वाजवायला एकच हात मोकळा. पियानोवर दोन्ही हात मोकळे, त्यामुळे एक माणूस दोघांचं बोलतो. पेटीत पट्टी दाबून ठेवली आणि भाता हलता राहिला की सूर हवा तितका टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आत नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते, आणि त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. म्हणून वादकाला पोकळी भरत राहावं लागतं: सुरावळी तोडून, फिरवून, डाव्या हाताने खर्ज धरून. उलट पेटीत बोट कितीही जोरात मारलं तरी त्या एका सुराचा आवाज वाढत नाही. पियानोत बोटाच्या वजनावर कुजबुज आणि गर्जना दोन्ही काढता येतात. विझत्या सुराला सावरणं आणि बोटाच्या वजनाने नाट्य उभं करणं, या दोन्ही सवयी फ्रेडीच्या गाण्यांत शेवटपर्यंत दिसतात.

शिकवणीत बाख आणि मोझार्ट, सुट्टीत रॉक अँड रोल. १९५८ च्या सुमाराला हेक्टिक्स उभा राहिला तेव्हा मुलं बारा-तेरा वर्षांची होती. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनो यांची गाणी ती वाजवत. क्लिफ रिचर्ड हा मूळचा हॅरी वेब, जन्म लखनौचा. आणि लिटल रिचर्ड व फॅट्स डॉमिनो हे दोघे पियानोवादक, हे विसरून चालणार नाही. रॉक म्हणजे गिटार हे समीकरण नंतरचं. सुरुवातीच्या त्या वर्षांत पियानो या संगीताच्या मधोमध होता. लिटल रिचर्ड तर उभ्याने, पाय आपटत वाजवायचा. डोंगरावरच्या शाळेतल्या मुलाला शिकवणीचं वाद्य आणि धिंगाण्याचं वाद्य एकच सापडलं. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर काढून दाखवी, असं त्याचे शाळासोबती सांगत. शाळेच्या कार्यक्रमांत हेक्टिक्स वाजवायला लागला की शेजारच्या मुलींच्या शाळेतून आलेल्या पोरी किंचाळायच्या. साथीच्या मुलांचं पुढे काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. डेरिक ब्रांच इंग्लंडात नट झाला. १९७९ ते १९८२ दरम्यान गाजलेल्या ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ या विनोदी मालिकेत तो दवाखान्यातला परिचारक झाला होता, आणि त्या पात्राचं नाव होतं गुप्ते! व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मेजर जनरल झाले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख राहिले. इराणींचा सिझलर आपण पाहिलाच.

फारुखचं शिक्षण मात्र घसरलं. सुरुवातीला बक्षिसं मिळवणारा मुलगा दहावीत नापास झाला, शाळा सुटली, आणि तो झांझिबारला परतला. पुढे, जानेवारी १९६४ मध्ये, तिथे उठाव झाला. अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांचे जीव गेले. बलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन इंग्लंडला पळालं आणि लंडनच्या पश्चिमेला, विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये एका लहान घरात उतरलं. नोकरचाकर गेले, बंगला गेला. इलिंगच्या कला महाविद्यालयात फ्रेडीने ग्राफिक आर्टची पदविका घेतली. मध्ये दोन-तीन बँड झाले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने नवा बँड केला. ‘क्वीन’ हे नाव त्याचंच, बोधचिन्हही त्यानेच काढलेलं, आणि ‘मर्क्युरी’ हे आडनावही त्याने याच सुमारास घेतलं. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली.

आता पियानोवरच्या काळ्या पट्ट्यांकडे, म्हणजे शीर्षकातल्या काळी पाचकडे, येऊ.

गिटारच्या सहाही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांचे सूर देतात. त्यामुळे गिटारवर गाणं बांधणारे बहुधा पांढरी तीन, पांढरी सहा (म्हणजे सप्तकातली तिसरी किंवा सहावी पांढरी पट्टी ‘सा’ धरून) अशा पट्टीत बांधतात. मोकळ्या तारा गुंजतात आणि हाताला सोपं जातं. फ्रेडी पियानोवर बांधायचा आणि त्याची बोटं काळ्या पट्ट्यांकडे ओढली जायची. ‘किलर क्वीन’ (१९७४) आपल्या भाषेत काळी दोन. ‘समबडी टू लव्ह’ (१९७६) काळी चार. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) सुरू होते काळी पाचमध्ये. ब्रायन मे यांनी अनेकदा सांगितलंय की या आडवळणाच्या पट्ट्यांमुळे त्यांना गिटारवर नेहमीच्या वाटा सोडून नव्या जागा शोधाव्या लागल्या. क्वीनचा आवाज इतर गिटार-बँडांपेक्षा निराळा लागतो त्याचं एक कारण इथे आहे. नाट्यसंगीताला साथ करणाऱ्या कुठल्याही पेटीवाल्याला हे सांगा, तो मान डोलावेल: गायकाची पट्टी बदलली की साथीदाराची बोटंही बदलतात.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’बद्दल इतकं लिहून झालंय की आणखी लिहिणं संकोचाचं वाटावं. तरी पियानोच्या अंगाने ते गाणं पुन्हा पाहावं असंच आहे. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. ध्रुवपद नाही. आधी नुसते गळे, मग पियानोवर संथ कवन, मग गिटार, मग ऑपेराचा गोंगाट, मग दणदणीत रॉक, आणि शेवटी पुन्हा पियानो. काळी पाचपासून निघालेलं गाणं अनेक मुक्काम करत पांढरी चारवर येऊन विसावतं आणि मोठ्या थाळीचा एक ठोका पडून संपतं. कवनाच्या आधीचा पियानोचा तुकडा वाजवताना डावा हात उजव्याच्या वरून उडी घेतो, वरचा सूर टिपतो आणि परत खाली येतो. कसरत म्हणून ती फार अवघड नाही. चौथ्या ग्रेडचं पोरगंही सरावाने करील. पण प्रेक्षकांना दिसावं आणि कानालाही गोड लागावं असं काही करायचं, हा फ्रेडीचा खास हिशेब त्यात आहे. तंत्रात त्याच्यापेक्षा सरस वादक रॉकमध्येच कितीतरी होते. बेतलेल्या सुरांतून नाटक उभं करण्यात त्याच्या जवळपास येणारे फार नव्हते.

या गाण्याचं ध्वनिमुद्रण वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओपासून सुरू झालं. ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, मे आणि टेलर हे तिघेच दिवसाला दहा-बारा तास गात राहिले आणि आवाजांवर आवाज चढवत गेले. एकूण सुमारे १८० थर झाले म्हणतात. टेप इतकी वेळा फिरली की तिच्यावरचा मुलामा झिजून ती आरपार दिसायला लागली. सहा मिनिटांचं गाणं रेडिओ लावणार नाही, असं कंपनीचं मत. निवेदक केनी एव्हरेटने ते एका शनिवार-रविवारात चौदा वेळा लावलं. मग ते ब्रिटनच्या यादीत नऊ आठवडे पहिलं राहिलं.

फ्रेडीने एका काळी पियानो पलंगाच्या उशाशी ठेवला होता आणि सुचलेली चाल तो पडल्या पडल्या हात मागे नेऊन वाजवून बघे, असं त्याच्या चरित्रांत येतं. १९७५ मध्ये त्याने यामाहाचा एक छोटा ग्रँड पियानो घेतला आणि तो शेवटपर्यंत सोबत ठेवला. त्या पियानोजवळ सिगारेट ओढायची नाही, त्यावर पेला ठेवायचा नाही; स्वतःलाही मनाई आणि पाहुण्यांनाही.

मंचावर मात्र हा नियम नव्हता. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ झाला. सुमारे ७२,००० लोक, दिवसाचा लख्ख उजेड, क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं. पियानोवर शीतपेयाचे कागदी पेले रांगेने ठेवलेले. फ्रेडी धावत आला, स्टुलावर बसला, थोडीशी बोटं मोकळी केली आणि ‘ऱ्हॅप्सडी’चा तो उडी घेणारा तुकडा वाजवला. मैदान उसळलं. कवन संपलं की तो उठला आणि पुन्हा पियानोपाशी फारसा थांबला नाही. त्या दिवसाच्या चित्रफितीत लोक पाहतात ते पुढचं सगळं. पण सुरुवात त्याने कुठून केली, याकडे बघावं.

ऐंशीच्या दशकात पियानो मागे पडत गेला, हेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकात ‘आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं रेकॉर्डच्या वेष्टनावर मिरवणाऱ्या क्वीनने १९८० च्या ‘द गेम’मध्ये तो वापरला. मैफलींतही १९८४ पासून स्पाइक एडनी हा वेगळा कीबोर्डवादक आला आणि फ्रेडी मंचभर फिरायला मोकळा झाला. त्याची बरीच उत्तम गाणी याआधीची आहेत, असं म्हटलं तर काही चाहते भांडायला येतील. येवोत.

मग त्याच्यात भारतीय काय होतं? २०१८ चा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट आणि त्यासाठी रॅमी मालेकला मिळालेलं ऑस्कर यांच्यानंतर आपल्याकडे या प्रश्नाला ऊत आला. कुणाला त्याच्या तानांत लता दिसली, कुणाला ‘ऱ्हॅप्सडी’तल्या ‘बिस्मिल्ला’ या शब्दात पूर्वेची हाक. हे सगळे तर्क. तो स्वतः मुलाखतींत झांझिबार आणि पाचगणीबद्दल फार थोडं बोलला, आणि त्याच्या हयातीत क्वीनने भारतात एकही मैफल केली नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इंग्लंडात ‘पाकी’ ही शिवी रस्त्यावर सहज मिळायची. तिथे आपलं मूळ न सांगण्यात शहाणपण होतं, हे समजू शकतं. तेव्हा ‘आपला फ्रेडी’ म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. पण मुख्याध्यापकांचं पत्र, मावशीचा कान, चौथा ग्रेड आणि शाळेच्या सभागृहातला पियानो, या गोष्टी तर्काच्या नाहीत. त्या घडलेल्या आहेत, आणि मावशीची मुंबई सोडली तर सातारा जिल्ह्यात घडलेल्या आहेत.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून केला. समलिंगी असल्याबद्दल आणि आजाराबद्दल वृत्तपत्रांनी त्याच्यामागे जो ससेमिरा लावला होता, तो आज वाचताना लाज वाटते. त्याच्या नावाने निघालेला मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट आजही एड्सविरोधी कामाला पैसा पुरवतो.

तो यामाहा पियानो ६ सप्टेंबर २०२३ रोजी लंडनला सदबीजच्या लिलावात १७ लाख ४२ हजार पौंडांना गेला. म्हणजे तेव्हाचे सुमारे १८ कोटी रुपये.

पुढच्या सुट्टीत महाबळेश्वरला जाताना गाडी पसरणी घाटाला लागली की ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावा, आणि एकदा तरी गाण्याकडे दुर्लक्ष करून नुसता डावा हात ऐका. पाचगणीला पोहोचल्यावर सेंट पीटर्सच्या फाटकात शिरून फोटो काढायचा मोह मात्र आवरा. ती अजूनही शाळा आहे, आणि आत मुलांचे तास चालू असतात.